भिंतीही वाद घालतात : क्लूनी, फोंतने आणि सँ-दनी



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळ पुस्तकांच्या सोबतीने घालवतो. आज पुस्तके जरा मिटून ठेवू आणि भिंतींकडे बघू. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसे. आमची एक खोड असते. विचार म्हटला की तो कागदावरच असणार, असे आम्ही धरून चालतो. बाराव्या शतकातल्या फ्रान्सविषयी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे बोललो. अ‍ॅबेलार्डचे तर्कशास्त्र, श्रद्धा आणि बुद्धी यांचे नाते, सगळे झाले. पण ही माणसे ज्या इमारतींत बसत-उठत होती, प्रार्थना करत होती, त्यांचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकत असू. निवृत्तीनंतर फोंतनेचा मठ प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तेव्हा कुठे लक्षात आले की अर्धा वाद आम्ही शिकवलाच नव्हता. तो दगडात घातलेला होता.

वाद कोणता? प्रश्न तसा साधा आहे. डोळ्यांना दिसणारे सौंदर्य मनाला परमेश्वराकडे नेते, की वाटेतच अडवून ठेवते? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : दाराबाहेर उपाशी माणूस उभा असताना त्या सौंदर्यावर पैसा खर्च करावा का? या दोन प्रश्नांना बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन मठांनी तीन उत्तरे दिली. ती उत्तरे आज आपण बघणार आहोत.

आधी मठ म्हणजे काय ते बघू

पश्चिम युरोपातल्या मठजीवनाचा पाया घातला तो सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्टने. माँते कासिनो इथे त्याने मठ स्थापन केला आणि मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. ७३ प्रकरणांची ही छोटी पुस्तिका. कधी उठायचे, कधी जेवायचे, कधी बोलायचे नाही, पाहुण्याला कसे वागवायचे, आजाऱ्याची काळजी कशी घ्यायची, असे सगळे तिच्यात आहे. दिवसातून सात वेळा आणि रात्रीतून एकदा सामुदायिक प्रार्थना, आणि मधल्या वेळात वाचन व अंगमेहनत, असा तो दिनक्रम.

आता असा दिनक्रम ठरला की इमारतीही त्याच्या मागोमाग ठरतात. मध्यरात्री उठून प्रार्थनेला जायचे तर निजायची जागा चर्चला लागून हवी. म्हणून कितीतरी मठांत निजण्याच्या दालनातून थेट चर्चमध्ये उतरणारा जिना असतो. सगळ्यांनी एकत्र जेवायचे, पण जेवताना बोलायचे नाही, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. म्हणून भोजनगृहात वाचणाऱ्यासाठी उंचावर जागा हवी. आणि या सगळ्यांना जोडणारा मधला चौक, त्याच्या चारही बाजूंनी छप्पर असलेली ओवरी. यालाच क्लॉइस्टर म्हणतात. मठवासी तिथे फिरत, वाचत, कपडे धूत. मठाचे ते हृदयच म्हणा ना.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलच्या ग्रंथालयात या कल्पनेचा एक विलक्षण पुरावा जपलेला आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेला एका आदर्श मठाचा आराखडा. चर्मपत्राचे पाच तुकडे एकमेकांना शिवून केलेला, साधारण ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ सेंटिमीटर रुंद. त्यात चर्च आहे, ओवरी आहे. शिवाय बेकरी, मद्य गाळण्याची जागा, कोंबड्यांची खुराडी, औषधी वनस्पतींचा वाफा, दवाखाना. दफनभूमी आणि फळबाग एकाच जागी दाखवलेली आहे, म्हणजे झाडांच्या मधोमध थडगी. हा मठ जसाच्या तसा कधी बांधला गेला नाही. मग आराखडा टिकला कसा? तर बाराव्या शतकात कोणा मठवासीयाला एका संताचे चरित्र लिहायला चर्मपत्र हवे होते. त्याने या आराखड्याच्या पाठीवर ते लिहिले आणि घडी घालून पुस्तकासारखे ठेवून दिले. पाठकोऱ्या कागदाची किंमत आपल्या पिढीला वेगळी सांगायला नको!

पहिले उत्तर : क्लूनी

इ. स. ९१० च्या सुमारास अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम याने बर्गंडीतली आपली क्लूनी इथली जमीन मठासाठी दिली. देताना त्याने एक अट घातली : या मठावर कोणाही सरदाराचा अधिकार चालणार नाही, खुद्द देणाऱ्याच्या वारसांचाही नाही. त्या काळी मठ म्हणजे सरदारांच्या घरची मालमत्ता असल्यासारखी स्थिती होती. त्यामुळे ही अट फार मोठी ठरली. क्लूनी स्वतंत्र राहिले, वाढले, आणि दोनशे वर्षांत शेकडो मठ त्याच्या छत्राखाली आले.

क्लूनीचा भर होता उपासनेवर. नियमावलीत जी प्रार्थना होती ती तिथे इतकी लांबत गेली की अंगमेहनतीला वेळच उरला नाही. गायन, धूप, भरजरी वस्त्रे, सोन्याची पात्रे. त्यांचे म्हणणे असे की पृथ्वीवरची उपासना ही स्वर्गातल्या उपासनेची प्रतिमा आहे. मग ती गरीब का असावी?

या विचाराला शोभेल असे तिसरे चर्च मठाधिपती ह्यू यांनी १०८८ मध्ये सुरू केले. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी मुख्य वेदीचा संस्कार केला. ते अर्बन स्वतः पूर्वी क्लूनीचेच मठवासी. पूर्ण झाल्यावर या चर्चची लांबी सुमारे १८७ मीटर भरली आणि दगडी छत जमिनीपासून ३० मीटर उंच. सोळाव्या-सतराव्या शतकात रोमचे नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात एवढे मोठे चर्च दुसरे नव्हते.

पैसा कुठून आला? इथे जरा थांबू या, कारण इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न नेहमी शेवटी येतो आणि खरे तर तो आधी यायला हवा. मोठा वाटा स्पेनमधून आला. लेऑन-कॅस्टीलचा राजा सहावा आल्फोन्सो दरवर्षी क्लूनीला २००० सुवर्णनाणी देण्यास बांधील होता. त्याच्याकडे ते सोने येत होते दक्षिणेतल्या मुस्लिम राज्यांनी भरलेल्या खंडणीतून. म्हणजे बघा, ख्रिस्ती जगातले सर्वांत भव्य चर्च बऱ्याच अंशी मुस्लिम अमीरांच्या खजिन्यातून उभे राहत होते. पुढे अल्मोराविद आले, स्पेनमधले राजकारण फिरले, खंडणी आटली, आणि क्लूनी कर्जात सापडले. ११२२ मध्ये मठाधिपती झालेल्या पीटर द व्हेनरेबल यांचा बराच काळ हिशेब जुळवण्यात गेला. ११२५ मध्ये तर नव्या छताचा काही भागही कोसळला.

दुसरे उत्तर : फोंतने

नेमक्या याच सुमारास, ११२५ च्या आसपास, क्लेर्वोचा मठाधिपती बर्नार्ड याने एका मित्रासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने क्लूनीच्या थाटावर कडाडून टीका केली.

बर्नार्ड सिस्टर्शियन पंथाचा. १०९८ मध्ये काही मठवासी बर्गंडीतल्याच सीतो नावाच्या जंगली जागेत गेले. हेतू एकच, बेनेडिक्टची नियमावली पुन्हा जशीच्या तशी पाळायची. हाताने काम करायचे, साधे जेवायचे, न रंगवलेल्या लोकरीचे कपडे घालायचे. काही वर्षांनी तरुण बर्नार्ड सुमारे ३० नातेवाईक आणि मित्र घेऊन तिथे दाखल झाला आणि त्या पंथाचे नशीब फिरले.

बर्नार्डची टीका नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचा विपर्यास फार होतो. कला वाईट, असे तो म्हणत नाही. बिशपांच्या चर्चमध्ये चित्रे आणि सजावट असायला त्याची हरकत नाही. सामान्य माणसाच्या मनात भक्ती जागवायला दृश्य वस्तूंचा आधार लागतो, हे तो मान्य करतो. त्याचा सवाल मठवासीयांना आहे : तुम्ही जग सोडून आलात ना? जे सुंदर, जे चकाकणारे, ते सगळे मागे टाकलेत ना? मग या भिंती कोणासाठी मढवता? आणि तो पुढे जाऊन हिशेबाचेच बोलतो. श्रीमंती दिसली की देणगीदार आणखी देतो, म्हणजे पैसा पैशाला ओढतो, आणि चर्चच्या दगडांना सोने मिळत असताना चर्चची लेकरे उघडी राहतात.

मग तो ओवरीतल्या खांबांकडे वळतो. त्या काळच्या स्तंभशीर्षांवर माकडे, सिंह, अर्धे मानव अर्धे पशू, एका डोक्याला अनेक धडे, अशी चित्रविचित्र कोरीव कामे असत. बर्नार्ड म्हणतो, हे इतके गुंगवून टाकणारे आहे की मठवासी पुस्तक वाचायचे सोडून दगडच वाचत बसतील. गंमत अशी की या कोरीव कामांचे इतके बारीक आणि रसरशीत वर्णन त्या काळी दुसऱ्या कोणी केलेले आम्हाला तरी आढळले नाही. ज्याला सौंदर्य भिडत नाही त्याला त्याची भीतीही वाटत नाही. बर्नार्डला ती वाटत होती, कारण त्याचा डोळा तयार होता.

या विचारातून कसली इमारत निघते? फोंतनेला जाऊन बघा. १११८ मध्ये स्थापन झालेला हा मठ. चर्चचा संस्कार ११४७ मध्ये पोप तिसरे यूजीनियस यांच्या हस्ते झाला. ते स्वतः बर्नार्डचे शिष्य. चर्च ६६ मीटर लांब, म्हणजे क्लूनीच्या साधारण एक तृतीयांश. दर्शनी भागावर मनोरा नाही. आत मूर्तिकाम जवळजवळ नाही. सिस्टर्शियन नियमांनी रंगीत काचा वर्ज्य केल्या, दगडी घंटाघरे वर्ज्य केली. वेदीमागची भिंतसुद्धा अर्धगोल नाही, सरळ, सपाट. मुख्य दालनाच्या छताखाली वरच्या बाजूला खिडक्यांची रांगच नाही. प्रकाश येतो तो दोन टोकांच्या भिंतींतून आणि बाजूच्या दालनांतून, तिरपा, मऊ.

आम्ही तिथे गेलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. आत पाऊल टाकले आणि काही क्षण काहीच दिसेना. मग हळूहळू दगडाचा रंग दिसू लागला, मग कमानी, मग जमिनीवर पडलेला उजेडाचा पट्टा. आमच्या लक्षात आले की आपण आवाज न करता उभे आहोत. कोणी गप्प बसा असे सांगितलेले नव्हते. तिथे बघण्यासारखे काही ठेवलेलेच नाही, म्हणून माणूस बघण्याच्या क्रियेकडेच वळतो. बर्नार्डचा युक्तिवाद आम्ही कितीदा वाचला होता. तो पटला मात्र तिथे.

पण थांबा. त्या चर्चमध्ये सगळे जण एकाच ठिकाणी उभे राहत नसत. वेदीच्या बाजूला मठवासी, ज्यांना लॅटिन येत असे. दाराच्या बाजूला आडोशापलीकडे कामकरी बंधू. हे शेतकरी घरातले, बहुधा निरक्षर. शेती, मेंढरे, बांधकाम, लोहारकाम ही त्यांची कामे. त्यांचे जेवण वेगळे, निजणे वेगळे. ते पूर्ण मठवासी कधी होऊ शकत नसत. फोंतनेमध्ये आजही ५३ मीटर लांबीची लोहारशाळा उभी आहे. तिथे पाण्याच्या जोरावर घण चालत. लोकर, लोखंड, पाणचक्क्या, शिस्तबद्ध श्रम. सिस्टर्शियन खर्च कमी करत आणि उत्पादन वाढवत. याचा परिणाम काय व्हायचा? ११५३ मध्ये बर्नार्ड वारला तेव्हा या पंथाचे मठ तीनशेच्या वर गेले होते आणि गरिबीचे व्रत घेतलेला पंथ श्रीमंत होऊ लागला होता. साधेपणाही फुकट येत नाही. त्याचेही ओझे कोणीतरी उचलत असतो.

तिसरे उत्तर : सँ-दनी

आता पॅरिसच्या उत्तरेला जाऊ. सँ-दनी, म्हणजे इंग्रजी उच्चाराने सेंट डेनिस. फ्रान्सच्या राजांची दफनभूमी असलेला हा मठ. ११२२ मध्ये इथे मठाधिपती झाला तो सूजे. सामान्य घरातला, लहानपणीच मठाला वाहिलेला, अंगाने किरकोळ, पण राजकारणात अत्यंत कुशल. राजा सातवा लुई धर्मयुद्धावर गेला तेव्हा राज्याचा कारभार सूजेकडे सोपवून गेला.

सूजेचे उत्तर बर्नार्डच्या नेमके उलट आहे. माणसाची बुद्धी जड आहे, ती एकदम अमूर्तावर झेप घेऊ शकत नाही. तिला दिसणाऱ्या वस्तूंचा आधार घेऊनच वर चढावे लागते. अशा अर्थाचे शब्द त्याने चर्चच्या मुख्य दारावर कोरून ठेवले होते. बर्नार्ड हेच सामान्य जनांबद्दल म्हणत होता. सूजे म्हणतो, मठवासीही माणूसच आहे. हा फरक लहान वाटतो, पण सगळी वास्तू त्यावर उभी आहे.

या विचारामागे एक मजेदार घोटाळा आहे. सँ-दनी हा पॅरिसचा पहिला बिशप, तिसऱ्या शतकातला हुतात्मा. पण त्याच नावाचा, म्हणजे डायोनिसियस नावाचा, एक अथेन्सकर बायबलमध्ये येतो, संत पॉलचा शिष्य. आणि तिसरा एक डायोनिसियस आहे, इ. स. ५०० च्या सुमाराचा, बहुधा सीरियातला. त्याने आपण तो अथेन्सकरच आहोत असे भासवून नवप्लेटोवादी वळणाचे ग्रंथ लिहिले. परमेश्वर हा प्रकाश, आणि सारी सृष्टी त्या प्रकाशाची उतरंड, असा त्यांचा सूर. ८२७ मध्ये बायझंटाइन सम्राटाने त्या ग्रंथांचे हस्तलिखित फ्रान्सला भेट पाठवले, आणि सँ-दनीच्या मठाने तिघांना एकच करून टाकले! आपला संत हाच तो तत्त्वज्ञ, असे मठाचे म्हणणे. अ‍ॅबेलार्ड काही काळ या मठात होता. त्याने या समजुतीवर शंका घेतली तर मठवासी इतके खवळले की त्याला पळ काढावा लागला. सूजेने नेमके किती तत्त्वज्ञान वाचले होते यावर अभ्यासक आजही भांडतात. विसाव्या शतकात एर्विन पानोफ्स्की यांनी हे नाते ठळकपणे मांडले, नंतरच्या काहींनी ते फार ताणलेले ठरवले. आम्हाला एवढे म्हणता येईल की प्रकाशाची ही भाषा त्या मठाच्या हवेतच होती.

११४० मध्ये पश्चिमेकडचा नवा दर्शनी भाग पूर्ण झाला. त्याच वर्षी जुलैत वेदीकडच्या बाजूचे काम सुरू झाले, आणि ११ जून ११४४ रोजी राजा-राणी आणि अनेक बिशपांच्या उपस्थितीत त्याचा संस्कार झाला. चार वर्षांच्या आत! आलेले बिशप आपापल्या गावी परतले आणि पुढच्या शंभर वर्षांत एकामागून एक कॅथीड्रले उभी राहिली. आपण ज्याला गॉथिक म्हणतो त्याची ही सुरुवात मानतात. गॉथिक हे नाव मात्र त्यांचे नव्हे. ते पुढे प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी हिणवण्यासाठी दिले. गॉथ म्हणजे रानटी.

दगड हलका कसा होतो?

आता थोडे तंत्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय विचार इमारतीत कसा उतरला हे कळत नाही.

दगडी छत म्हणजे कमान. कमान नुसती खाली भार टाकत नाही, ती बाजूंनाही रेटते. पत्त्यांचा बंगला आठवा. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले की त्यांचे पाय बाहेर सरकू बघतात. बोगद्यासारखे लांबच लांब छत असेल तर हा रेटा भिंतीच्या संपूर्ण लांबीवर येतो. म्हणून भिंत जाड लागते, आणि तिच्यात मोठी खिडकी पाडणे धोक्याचे.

यावर तोडगा असा निघाला. छताचे चौरस तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याखाली तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्या घालायच्या. मग भार चार कोपऱ्यांत गोळा होतो. इंग्लंडमध्ये डरहॅमला १०९३ मध्ये सुरू झालेल्या कॅथीड्रलमध्ये अशा फासळ्या आहेत. दुसरी गोष्ट टोकदार कमान. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली असते, रुंदीच्या निम्मी. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते, आणि तिचा बाजूचा रेटाही कमी. ही कमान क्लूनीतही होती, फोंतनेतही आहे. म्हणजे सूजेच्या कारागिराने नवा शोध लावला नाही. त्याने या सगळ्या गोष्टी एका हेतूसाठी एकत्र आणल्या. भार कोपऱ्यांवर गेला, मधली भिंत मोकळी झाली, आणि जिथे भिंत होती तिथे काच आली. वेदीभोवती दुहेरी प्रदक्षिणापथ, बारीक खांब, आणि कडेने रंगीत काचांच्या खिडक्यांचे कडेच. पुढच्या पिढीने बाहेरून हवेत झेपावणारे दगडी टेकू दिले आणि भिंती आणखी उंच, आणखी पातळ झाल्या.

या ओढीला मर्यादाही दिसली. बोव्हेच्या कॅथीड्रलचे छत ४८ मीटरवर नेले, आणि पूर्ण झाल्यावर बारा वर्षांनी, १२८४ मध्ये, त्याचा काही भाग कोसळला. ते सावरले, पण पुढचे मुख्य दालन आजतागायत बांधले गेलेले नाही.

मग बरोबर कोण?

कितीतरी वर्षे आम्ही मनातून बर्नार्डच्या बाजूचे होतो. गरिबांचा कैवार घेणारा तो, आणि सूजे राजदरबारी, सोन्याचा शौकीन, आपले नाव जागोजागी कोरून ठेवणारा. पण सूजेच्या मठातल्याच एका चरित्रकाराने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. क्लूनीचे पीटर द व्हेनरेबल सँ-दनीला आले. नवे चर्च पाहिले. मग सूजेची राहण्याची खोली पाहिली. जेमतेम दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. त्यांनी सुस्कारा टाकला. हा माणूस आपल्या सर्वांना लाजवतो आहे, हा स्वतःसाठी बांधत नाही, देवासाठी बांधतो, अशा आशयाचे ते बोलले. ही गोष्ट शिष्याने लिहिली आहे, हे ध्यानात ठेवू. तरीही आमच्या सोप्या वाटणीला तिने धक्का दिला.

आणि उलट बाजूने बघा. फोंतने सुंदर नाही असे कोण म्हणेल? १९८१ पासून ते जागतिक वारसा आहे. विसाव्या शतकात ले कॉर्ब्यूझिए ल्यों शहराजवळ ला तुरेतचा मठ बांधायला निघाला, तेव्हा तो आधी ल तोरोनेचा सिस्टर्शियन मठ पाहून आला. सौंदर्य दारातून घालवायला निघालेला बर्नार्ड त्याला मागच्या दाराने आत घेऊन आला, एवढेच.

म्हणजे दोघांत एक गोष्ट समान होती. इमारत माणसाचे मन घडवते यावर दोघांचाही पूर्ण विश्वास होता. नाहीतर एक इतका घाबरला नसता आणि दुसऱ्याने इतका खर्च केला नसता. त्यांचा वाद सजावटीचा नव्हताच. मनाला वर जायला शिडी लागते की मोकळी जागा लागते, हा तो वाद. आम्हाला आता वाटते की माणसाला दोन्ही लागते, वेगवेगळ्या वयात, वेगवेगळ्या दिवशी. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा जो प्रश्न बर्नार्डने विचारला, त्याला सूजेकडे पुरेसे उत्तर नव्हते. आणि आडोशापलीकडे उभ्या असलेल्या कामकरी बंधूचा प्रश्न बर्नार्डने विचारलाच नाही.

काळाने तिघांनाही वेगळेच उत्तर दिले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये क्लूनी विकले गेले. खरेदीदारांनी चर्च पाडून दगड विकला. आज त्याचा एक दशांशही उरलेला नाही. दक्षिणेकडच्या बाहूचा थोडा भाग आणि एक अष्टकोनी मनोरा, एवढेच. एके काळच्या त्या आवारात घोड्यांचे सरकारी पैदास केंद्र आले. बाकीचे चर्च आपल्याला माहीत आहे ते १९२८ पासून तिथे उत्खनन करणाऱ्या केनेथ कॉनंट या अमेरिकन संशोधकामुळे. बर्नार्डच्या क्लेर्वोचा तुरुंग झाला. फोंतनेमध्ये कागदाचा कारखाना आला, आणि वापर चालू राहिल्यामुळे भिंती वाचल्या. सँ-दनीतली राजांची थडगी १७९३ मध्ये फोडली गेली. सूजेचे एक पात्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, एक लूव्रमध्ये. वरचा भाग तेराव्या शतकातच नव्याने बांधला गेला होता, पण त्याचा प्रदक्षिणापथ अजून उभा आहे. पॅरिसच्या मेट्रोने तिथे जाता येते.

आपल्यापैकी अनेकांना तिकडे जाणे जमणार नाही. हरकत नाही. मुंबईत विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर बघा. एकोणिसाव्या शतकात गॉथिकला इंग्लंडमध्ये पुन्हा बहर आला, त्यातला एक प्रमुख वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. त्याने भारतात पाऊलही न टाकता हे आराखडे करून पाठवले. टोकदार कमान, रंगीत काच, सगळे आहे. फक्त ज्या प्रश्नापोटी ती काच आली तो प्रश्न बोटीवर चढला नाही.

जाता जाता एक सूचना. यापुढे कोणत्याही जुन्या प्रार्थनास्थळात गेलात, इथे किंवा तिथे, तर शैलीचे नाव आठवण्याआधी तीन गोष्टी बघा. उजेड कुठून येतो आणि कशावर पडतो? कोण कुठपर्यंत येऊ शकत होते आणि कोणाला आडोशापलीकडे थांबावे लागत होते? आणि तिसरे, हे बांधायला पैसा आणि घाम कोणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे भिंती देतात. आपण विचारायला हवे, आणि थोडा वेळ गप्प उभे राहायला हवे.

आज इथे थांबू. पुढच्या वेळी अ‍ॅबेलार्ड आणि बर्नार्ड यांच्या सामन्याकडे पुन्हा पुस्तकांतून वळू. आता पुस्तके उघडताना या भिंती डोळ्यांसमोर राहतील, अशी आशा करू.